तबकडीचे पाठभेद

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आष्ट्याच्या जुन्या घराची वांटणी झाली. भांडींकुंडीं, पाट, समया, देवघरांतील टांक, सारें गोडीगुलाबीनें वांटलें गेलें. कोणाच्या मनांत किंतु राहिला नाहीं. शेवटीं माजघराच्या फडताळांतून एक लांकडी पेटी निघाली, ती मात्र कोणासच नको होती. तींत माझ्या आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या ग्रामोफोनच्या त्रेचाळीस तबकड्या होत्या. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, यांतलें सगळें गाणें आतां मोबाईलवर मिळतें, आणि तेंही खरखरीवांचून. मग हें ओझें सांगलीच्या तिसऱ्या मजल्यावर कशासाठीं वाहावयाचें?"

मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. उत्तर दिलें तें सोप्यांतल्या झोपाळ्यावर बसलेल्या आमच्या आत्यानें. तिचें वय एक्याण्णव. दिसतें कमी, पण ऐकूं नीट येतें. ती म्हणाली, "मोबाईलवरलें गाणें आणि ही तबकडी एकच आहे, असें तुम्हांला कोणीं सांगितलें? आधीं दोन्ही लावून ऐका, मग काय टाकायचें तें टाका."

पेटी ठेवावी कीं टाकावी, हा प्रश्न आमच्याच घरचा नव्हे. ज्या ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं कर्ण्याचा फोनो वाजत होता, त्या त्या घरांत तो आज ना उद्यां उभा राहणार. म्हणून आम्हीं काय केलें आणि त्यांतून काय उमगलें, तें वाचकांपुढें मांडीत आहें.

परीक्षेची तबकडी

त्रेचाळीसांपैकीं परीक्षेसाठीं एकच निवडली. ती अब्दुल करीम खांसाहेबांची. आमच्या भागांत खांसाहेब म्हटलें कीं दुसरें नांव घ्यावें लागत नसे. आष्टा त्या काळीं सातारा जिल्ह्यांत होतें (१९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें). पण गाण्याच्या बाबतींत आमचें तोंड नेहमीं मिरजेकडेच असे. खांसाहेब मूळचे उत्तरेंतील किराण्याचे, परंतु त्यांनीं बिऱ्हाड थाटलें तें मिरजेस, जेथें तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिरांची पेठच वसली होती. ता. २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं मद्रास इलाख्यांतील एका लहानशा रेल्वे स्टेशनावर, प्रवासांतच, त्यांचा देह पडला. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे.

मृत्यूपूर्वींच्या थोड्या वर्षांत त्यांनीं ओडियन कंपनीसाठीं कांहीं तबकड्या दिल्या. त्या नसत्या, तर त्यांचा उतारवयांतील गळा आपल्यापुरता नाहींसाच झाला असता. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांच्या गायनाच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या, पण ऐकावयास त्यांची एकही तबकडी मिळत नाहीं. खांसाहेबांच्या तबकड्यांचें सामर्थ्य केवढें, याचें एकच उदाहरण सांगतों. गदगकडील एका मुलानें त्यांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असें गाणें शिकावयाचेंच, या ध्यासानें तो अकराव्या वर्षीं घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला. तो मुलगा म्हणजे पं. भीमसेन जोशी. ही हकीकत ते स्वतः सांगत असत. ती तीन मिनिटांची तबकडी त्यांनीं खरखरीसकटच ऐकली असली पाहिजे, हें येथें ध्यानांत ठेवावें.

परीक्षेची पद्धति

धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास असतो. त्यास या विषयाचा नाद आहे. त्यानें तबकड्या वाजविण्याचें विजेचें यंत्र आणलें. एकाच मुद्रणाच्या चार प्रति जमल्या. पहिली, आजोबांची मूळ तबकडी. दुसरी, आमच्या वडिलांनीं १९७० नंतर केव्हां तरी घेतलेली लाँग प्ले. तिसरी, मीं स्वतः नोकरींत असतांना घेतलेली सी. डी., जिच्या वेष्टणावर आधुनिक यंत्रांनीं आवाज सुधारला असल्याची ग्वाही छापलेली होती. आणि चौथी, एका संग्राहकानें मूळ तबकडीवरून कसलीही सफाई न करितां उतरून लोकांसाठीं खुली ठेवलेली प्रत.

मी शाळामास्तर, परीक्षा म्हणजे आंधळी असावी, उत्तरपत्रिकेवर नांव नसावें, हें माझ्या हाडींमांसीं खिळलेलें. म्हणून पुतण्यानें कोणती प्रत लावली हें कोणास न सांगतां नुसता क्रमांक पुकारावयाचा आणि घरांतील प्रत्येकानें कागदावर गुण द्यावयाचे, असें ठरलें.

पहिल्या फेरींत सी. डी. सर्वांच्या पुढें गेली. माझाही कौल तिलाच होता. पण पुतण्या हंसून म्हणाला, "काका, तुम्ही गाण्याला गुण दिले नाहींत, मोठेपणाला दिलेत." खरेंच होतें. सी. डी.चा आवाज मुळांतच चढवून भरलेला होता. दोन आवाजांपैकीं जो किंचित् मोठा, तो कानास अधिक सुस्पष्ट आणि भरदार वाटतो, हा मनुष्यमात्राचा स्वभाव आहे. तेव्हां त्यानें चारी प्रतींचा आवाज एका पातळीवर आणला आणि दुसरी फेरी झाली. या फेरींत सी. डी. चौथी आली.

गतीचा दोष

याचें पहिलें कारण आत्यानें सांगितलें. सी. डी. लागतांच ती म्हणाली, "हे खांसाहेब नव्हेत. हा कोणी त्यांचा धाकटा भाऊ गातो आहे."

आम्ही हंसलों. पण आजोबांची एक वही त्या पेटींतच होती. तींत प्रत्येक तबकडीपुढें गायकाचें नांव, राग, किंमत, आणि पेटीची कोणती पट्टी लागते तें टिपलेलें. आजोबा तबकडीखालीं कागदाचा एक कपटा अडकवून तो मिनिटांत किती वेळां समोर येतो हें घड्याळ धरून मोजीत आणि ७८ फेरे भरले म्हणजेच पट्टी लिहीत. मूळ तबकडी आम्हीं ७८ फेऱ्यांवर वाजविली. ती ३ मिनिटें १२ सेकंदांत संपली, आणि वहींतली पट्टी बरोबर लागली. लाँग प्लेही तेथेंच आली. सी. डी.वरील तेंच गाणें मात्र ३ मिनिटें ७ सेकंदांत संपलें, आणि षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येंच कोठें तरी लोंबकळत राहिला. हिशेब केला तेव्हां उलगडा झाला. जिनें सी. डी. तयार झाली ती तबकडी ८० फेऱ्यांवर फिरविली गेली असावी.

येथें थोडें स्पष्टीकरण हवें. तबकडी जितकी जलद फिरेल तितकी कंपनसंख्या वाढते आणि स्वर वर चढतो. शेंकडा सहानें गति वाढली तर अर्धा स्वर चढतो, म्हणजे काळी एकवर गाणारा गवई पांढरी दोनवर जाऊन बसतो. आज आपण सरसकट '७८ फेऱ्यांच्या' म्हणतों त्या सर्व तबकड्या ७८ वर मुद्रित झालेल्याच असत असें नाहीं. आरंभींच्या काळांत सत्तरपासून ऐंशींच्याही वरपर्यंत वाटेल त्या गती आढळतात, कारण मुद्रण-यंत्राची गति त्या त्या दिवशीं कारागीर लावील ती. तेव्हां जुनी तबकडी नव्या प्रतींत उतरवितांना तिची खरी गति ठरविणें हें पहिलें कर्तव्य होय.

कोणी म्हणेल, सगळेच स्वर सारख्याच प्रमाणांत चढले तर बिघडलें काय? राग तोच राहतो. राग तोच राहतो हें खरें; बिघडतो तो गळा. स्वराबरोबर कंठाचा स्वाभाविक वर्णही वर ढकलला जातो, आवाज पातळ व कोंवळा होतो, मींड घाईची होते. साठी उलटलेले खांसाहेब पन्नाशीचे भासूं लागतात. आत्यानें 'धाकटा भाऊ' म्हटलें तें शास्त्रास धरून होतें.

सफाईचा दोष

दुसरें कारण खरखर. तबकडी लाखेची. ज्या लाखेचें घर पांडवांसाठीं रचलें गेलें, तीच ही लाख. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर किडे ती करतात, आणि जगांतील तबकड्यांसाठीं ती मुख्यत्वें हिंदुस्थानांतूनच जात असे. तींत दगडाची बारीक भुकटी मिसळीत, कारण पोलादी सुईपुढें टिकाव धरावयास कठीणपणा हवा. त्या भुकटीवरून सुई घासत जाते, तोच हा 'सूं' असा अखंड ध्वनि.

संगणकाला हा ध्वनि ओळखून गाळतां येतो. परंतु अडचण अशी कीं, खरखर ज्या उंच कंपनांत वसते त्याच कंपनांत तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेची धार आणि गायकाच्या मुखांतील स, श यांचा उच्चार हींही वसतात. गाळणारा हात हलका असेल तर निभावतें. तो जड पडला कीं खरखरीबरोबर जवारीही जाते. आमच्या सी. डी.वर मागचा तंबोरा जवळजवळ नाहींसाच झाला होता, आणि गायक दुलई पांघरून गात असल्यासारखा वाटत होता. आमच्या घरांतून अभिप्राय आला तो असा, "दूध गाळतांना मलमल एवढी घट्ट धरली कीं साय फडक्यावरच राहिली."

याहून वाईट अनुभव मला पूर्वीं आला होता. सेवानिवृत्त होण्यापूर्वीं मीं पेटींतल्या चार तबकड्या शहरांतील एका दुकानदारास नवीन प्रत करण्यासाठीं दिल्या होत्या. प्रत आली ती अशी गुळगुळीत कीं कोण गातें हें कळावें, पण कशाच्या साथीनें गातें हें कळूं नये. चारांतील एक तबकडी तडकून परत आली. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. 'खरखर काढा' एवढेंच मीं सांगितलें होतें. काय ठेवा, हें सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या क्रमांकाची लाँग प्ले कशी निघाली? मध्यम. खरखर थोडी कमी, गति बरोबर, पण खर्ज कांहींसा फुगलेला. याचेंही कारण पुतण्यानें सांगितलें. विजेच्या मुद्रणांत खर्जाची लाट मोठी असल्यानें चर शेजारच्या चरांत घुसूं नये म्हणून ती मुद्दाम कमी करून कोरीत, आणि वाजवितांना तेवढीच परत वाढवीत. किती कमी करावयाची याचें प्रत्येक कंपनीचें माप १९५४ च्या सुमारापर्यंत निराळें असे. ज्याचें माप त्यासच लावलें नाहीं तर आवाज एक तर चिरका होतो, नाहीं तर घागरींतून आल्यासारखा.

शेवटच्या गुणपत्रिकेंत चौथी, म्हणजे सफाई न केलेली प्रत, पहिली आली. आजोबांची तबकडी झिजलेली असूनही दुसरी आली. पांच मिनिटांनंतर खरखर कानाआड होते आणि गाणें पुढें येतें, असें मुलांनींही कबूल केलें.

भांडें आणि दूध

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोकांची समजूत अशी कीं, नवें माध्यम म्हणजे चांगला आवाज. १९४८ सालीं लाँग प्ले आली, १९८२ सालीं सी. डी. आली, १९९९ सालीं सुपर ऑडिओ सी. डी. नांवाची आणखी सूक्ष्म तबकडी आली. सी. डी. एका सेकंदांत ध्वनीची ४४,१०० मापें घेते. सुपर ऑडिओ सी. डी. २८ लक्षांहून अधिक. आंकडे ऐकून मन दिपतें. पण १९२५ पूर्वीं गवई कर्ण्यांत तोंड घालून गात, तेव्हां सेकंदास अडीच हजार कंपनांच्या पलीकडचें फारच थोडें मेणावर उतरे. मायक्रोफोन आल्यावर ही मर्यादा पांच-सहा हजारांपर्यंत गेली. साधी सी. डी. वीस हजार कंपनांपर्यंतचें सारें सामावून घेते. अर्थात् शेरभर दूध मणाच्या भांड्यांत ओतलें म्हणून तें घट्ट होत नाहीं. दूध कोणत्या गाईचें, तें कोणीं आणि कसें गाळलें, यावरच सारें अवलंबून. तबकडी न झिजलेली मिळाली काय, सुई योग्य जाडीची होती काय, गति व माप बरोबर लावलें काय, आणि सफाईचा हात कोठें थांबला, हे चार प्रश्न वेष्टणावरील सोनेरी अक्षरांहून महत्त्वाचे आहेत.

मूळ पाठ आणि प्रक्षेप

हा सगळा विचार मला नवा वाटला नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं पुरी केली. त्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें ताडून पाहिलीं. त्या पंडितांचा कटाक्ष असा होता कीं, अधिक सुबोध आणि अधिक गोड पाठ तोच मूळ असें समजूं नये. उलट लेखकानें मागाहून सुलभ करून टाकला असण्याचा संभव तेथेंच अधिक. आणि जो पाठ मुख्य संहितेंत घेतला नाहीं तोही फेंकून न देतां तळटीपेंत जतन केला.

जुनी तबकडी नव्या प्रतींत उतरविणारा हाही एक लेखकच होय. तो जेव्हां गति बदलतो, खर्ज फुगवितो, जवारी गाळतो, तेव्हां तो पाठ सुधारीत नसतो. प्रक्षेप करीत असतो. प्रत करावी, सफाईही करावी, माझी हरकत नाहीं. परंतु मूळ पोथी फेंकून देऊन केवळ सुधारलेली प्रत ठेवली, तर पुढच्या पिढीला ताडून पाहण्यास कांहींच उरत नाहीं. उद्यां आजच्याहून सूक्ष्म यंत्रें निघतील आणि त्याच चरांतून अधिक कांहीं वाचतील. पण चर शिल्लक असले तर.

याबाबत परकी मंडळींनीं दाखविलेली दक्षता लक्षांत घेण्याजोगी आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तींत गोमंतकांतील केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्याच वर्षीं केसरबाई निवर्तल्या. या तबकडीच्या आवरणावर, ती एका फेऱ्यास किती वेळांत फिरवावी, हें हायड्रोजनच्या अणूच्या कालमापांत कोरून ठेवलें आहे. तें माप आपल्या ३.६ सेकंदांइतकें भरतें. जी कोणी परग्रहावरील मंडळी कधीं काळीं ती ऐकतील, त्यांस केसरबाईंचा षड्ज चुकूं नये एवढी काळजी घेतली आहे. आणि आम्ही, ज्यांच्या गांवापासून मिरज हांकेच्या अंतरावर, ते खांसाहेबांचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्यें टांगलेला ऐकून माना डोलावीत होतों.

घरोघरीं काय करावें

ज्यांच्या घरीं अशा तबकड्या असतील त्यांस अनुभवाचे चार शब्द. तबकड्या एकीवर एक रचूं नयेत, वहीसारख्या उभ्या ठेवाव्या. पुराच्या प्रदेशांत त्या तळमजल्यावर ठेवूं नयेत. २०१९ च्या कृष्णेच्या पुरांत काय काय गेलें तें सांगलीकरांस सांगावयास नको. लाँग प्लेच्या बारीक सुईनें लाखेची तबकडी वाजवूं नये. तिला सुमारें तिप्पट जाड सुई लागते, नाहीं तर सुई चराच्या तळच्या मळांतून जाते. आणि स्पिरिटनें तर कधींही पुसूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते. सुताराचें पॉलिश तेंच. हें मला ठाऊक असूनही कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक तबकडी हौसेनें स्पिरिटनें पुसली आणि ती पांढुरकी होऊन कायमची मुकी झाली. ती बाल गंधर्वांची होती आणि आत्याच्या लग्नांत वाजली होती. तिला हें मीं इतके दिवस सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, म्हणजे तूंही सफाईच केलीस."

प्रत करवून घ्यावयाची तर दोन कराव्या. एक जशीच्या तशी, हात न लावलेली. दुसरी ऐकण्यासाठीं, हलक्या हातानें स्वच्छ केलेली. कोणत्या गतीनें, कोणत्या सुईनें उतरली तें सोबत लिहून ठेवावें. आणि मूळ तबकडी टाकूं नये. घरांत जागाच नसेल तर जाणत्या संग्राहकाच्या स्वाधीन करावी, भंगारवाल्याच्या नव्हे.

आमची पेटी आतां सांगलीस धाकट्या बंधूंकडे तिसऱ्या मजल्यावर आहे. त्यांनीं ती स्वतः जिना चढून नेली. मुकी झालेली तबकडीही तींत आहे. आत्यानें ती काढूं दिली नाहीं. आजोबांच्या वहींत मीं एक नवा रकाना आंखला आहे: प्रत कोणीं केली, केव्हां, आणि किती फेऱ्यांवर. आजवर त्रेचाळीसांपैकीं नऊ ओळी भरल्या आहेत. उरलेल्या दिवाळीच्या सुटींत पुतण्या आला म्हणजे भरावयाच्या.